लाल चौकड्यांतलं बदक

४ मार्च, मंगळवार

नाही गं बाई, तिसरा हात कुणाचाच नाही. तू आपली भिंग घेऊन बसतेस माझी पत्रं वाचायला. मी लिहिलं की बाबांच्या कातायच्या मशीनवर दोन्ही हातांनी पटाशी धरली आणि बॅटरीचा झोत नेमका कांडीवर पडला. लगेच तुझा सवाल, "आई, बॅटरी कुणी धरली होती?" अगं, खिळ्याला टांगली होती. तुझे बाबा टांगायचे त्याच खिळ्याला. पोलिसात जायला हवं होतंस, उगाच नर्स झालीस.

तुझी चिठ्ठी इनमीन चार ओळींची. डॉक्टरांची औषधं वाचून वाचून तुलाही तसंच तुटक लिहायची सवय लागली असणार. एक ओळ तिसऱ्या हाताची, एक रुमालाची, दोन धमकीच्या. 'कशी आहेस' ही ओळ पाकिटात मावली नसेल.

फोन घेत नाहीस, तेही एका अर्थी बरंच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला. कागदावर एकीचं संपेपर्यंत दुसरीला गप्प तरी बसावं लागतं.

धमकी मी पुन्हा पुन्हा वाचली. 'तीस तारखेला, रविवारी टेम्पो घेऊन येते आणि बाबांचं लेथ मशीन घेऊन जाते. तोवर वर्कशॉपला कुलूप. तिथं परका माणूस येतो असं कळलं, तर त्या घरात मी पुन्हा पाय ठेवणार नाही.' अक्षर मात्र सुरेख आहे. एवढं वळणदार दमदाटीचं अक्षर मी जन्मात पाहिलं नाही. आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी असते तर त्यांनी ते फळ्यावर लावलं असतं.

मशीन नेऊन ठेवणार कुठं, ते तर सांग. नर्सांच्या खोलीत, खाटेखाली? त्याच्यावर ओले टॉवेल वाळत घालशील, दुसरं काय.

आता परका माणूस. वरच्या काकूंनी तुला काय काय सांगितलंय ते मला ठाऊक आहे, कारण तुला सांगण्याआधी त्या जिन्यात उभ्या राहून मोठ्यानं पाठ करतात. कोपऱ्यावरचे पंपवाले, पाण्याचे पंप दुरुस्त करतात ते, गेल्या थंडीत आले होते, मशीनची मोटार जळली म्हणून. तू नेमकी त्याच दिवशी रजेवर आलीस. तुला काय दिसलं, तर बाबांच्या स्टुलावर बसलेला माणूस. बॅगसुद्धा खाली ठेवली नाहीस. मी तुझ्यासाठी तिसरा कप विसळून आणेपर्यंत तू बसस्टॉपवर पोचली होतीस. मोटार दुरुस्त करायला माणसानं बसावं कुठं, माझ्या डोक्यावर?

तर ते असो. कांडी मी एकटीच कातायला शिकतेय. का, तर तू वॉर्डाची मुख्य झालीस आणि दिवसभर सह्या ठोकतेस, हे मला कळलं. तुझ्याकडून नाही, काकूंकडून कळलं. म्हटलं, आपल्या लेकीनं दवाखान्यातलं फुटकं पेन दोऱ्याला बांधून का वापरावं? बाबांनी शेवटी शेवटी रेझिनची पेनं केली, तसंच एक आपण करावं. डबे, साचे, आत रिफिल बसते त्या पितळी नळ्या, सगळं फळीवर आहे. रेझिन साच्यात ओतायचं, घट्ट झालं की कांडी होते, ती मशीनवर लावून गोल कातायची आणि चकचकीत करायची. सांगायला किती सोपं आहे बघ.

रुमालाचं म्हणशील, तर बाबांचा लाल चौकड्यांचा रुमाल माझ्याकडे आहे. पोस्टावर माझा भरवसा नाही. आलीस की हातात देईन. त्यावर आता जास्त विचारू नकोस.

आई


११ मार्च, मंगळवार

ठमे,

'रुमाल धुऊ नकोस, त्याला बाबांचा वास आहे.' एवढंच लिहिलंस या वेळी. खाली सहीसुद्धा नाही.

बस आधी. बसलीस? धुतला.

आता उठू नकोस. कापलासुद्धा.

मागच्या पत्रात मी खोटं बोलले नाही, फक्त पुढचं सांगितलं नाही. ऐकून घे आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. रुमाल ट्रंकेत होता. मी काढला तेव्हा त्याला कसर लागलेली. मधला भाग म्हणजे चाळण. तुझ्या बदकापासून दोन बोटांवर भोक पडलं होतं. आणखी एक उन्हाळा गेला असता तर कसरीनं बदक गिळून ढेकर दिली असती.

बदक आठवतं ना? तू दुसरीत असशील. बाबांच्या रुमालाच्या कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्यानं काढलंस, अंगठ्याच्या नखाएवढं. बाबांनी उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "वा! चप्पल झकास जमलीय." तू दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाहीस. अबोल्याची सवय तेव्हापासूनची. पण नंतर ते रुमाल डोक्याला बांधायचे, तेही बदक बरोब्बर कपाळावर आणून. गिऱ्हाइकाकडे खाटांचे पाय पोचवायला जातानासुद्धा कपाळावर बदक. लोक हसायचे, ते म्हणायचे, "हसा. तुमच्या कपाळी हेही नाही."

म्हणून ठरवलं की बदक पेनात घालायचं. नळीभोवती कापड गुंडाळायचं आणि वरून पाण्यासारखं रेझिन ओतायचं. कसर लागणार नाही, विरणार नाही, रोज तुझ्या बोटाखाली राहील. कापडाला तेल असलं की रेझिन धरत नाही. बाबांच्या डोक्याचं तेल होतं त्याला, म्हणून धुवावा लागला. धुताना मला मजा वाटत होती असं समजू नकोस.

आणि मी काही एकदम बदकाला हात घातला नाही. आधी रुमालाच्या साध्या काठावर करून पाहिलं. रेझिन घट्ट करणारं हार्डनर थेंबाथेंबानं घालायचं असतं. मी चमच्यानं घातलं. भाजीला आपण मीठ मोजतो का? कप हातात तापायला लागला, मग भांड्यासारखा भाजला, मग त्यातून धूर! मी तो खिडकीतून अंगणात फेकला. काकू ओला टॉवेल घेऊन धावत खाली आल्या आणि विझवायला काहीच नाही म्हणून हिरमुसल्या.

दुसऱ्या वेळी थेंब मोजले. कांडी झाली काचेसारखी. इतकी काचेसारखी की आतलं कापडही काच झालं! चौकड्या भिजून फिक्या पडल्या आणि आतली पितळी नळी लख्ख दिसायला लागली. रुमाल कुठंय ते शोधावं लागत होतं. नळीला आधी पांढरा रंग द्यायचा असतो म्हणे, मग कापडाचा रंग उठतो. हे मला रेडिओवर कळलं.

हसू नकोस. रेडिओवर हल्ली काहीही सांगतात.

बदक अजून कापडावरच आहे, माझ्या उशीखाली. ओतायचं की नाही ते तू सांग. नको म्हणालीस तर तो तुकडा तसाच तुझ्या हातात देईन. शुक्रवारपर्यंत वाट बघते.

एक मात्र सांगते. तुझ्या बाबांनी मला तीस वर्षं त्या खोलीच्या उंबऱ्याआत येऊ दिलं नाही. चहा दारात ठेवायचा आणि मागे फिरायचं. "तुझ्या हाताला इथं काम नाही," म्हणायचे. वाईट मनानं नाही म्हणायचे, तरी म्हणायचेच. आता मी आत जाते, दिवा लावते, पटाश्यांना धार लावते. माझ्या हाताला तिथं काम आहे, ठमे. तू मशीन नेशील तेव्हा नुसतं बाबांचं नेणार नाहीस, हे तुला माहीत असावं.

आई


१७ मार्च, सोमवार

हो. टाके पडले. तीन. तुझी ती काकू मोजत बसली असेल दाराच्या फटीतून.

दारावर आपटले, असं लिहायला बसले होते. पण तुझ्या चिठ्ठीतच आहे, 'दारावर आपटले असं लिहू नकोस, वॉर्डात रोज चार बायका दारावर आपटून येतात.' ते वाचून माझं हसू आणि पेन, दोन्ही थांबलं. तसलं काही नाही गं. मला कुणी हात लावलेला नाही. कांडीनं मारलं.

सरावाची, रिकामी कांडी होती. चौकोनी कांडी मशीनवर फिरायला लागली की तिचे कोपरे दिसेनासे होतात, नुसती धुरकट सावली दिसते. त्या सावलीला पटाशी अलगद टेकवायची. मी टेकवली ती जरा खालून. पटाशी रुतली, फाडकन आवाज झाला आणि कांडीचा अर्धा भाग माझ्या कपाळावर. बाबांच्या बदकाच्या जागी! डोळ्यांवर चष्मा होता, नाहीतर हे पत्र तुला काकूंनी लिहिलं असतं, मीठमसाला लावून.

दवाखान्यात कशी गेले, हा तुझा दुसरा प्रश्न. स्कूटरवरून. स्कूटर कुणाची, हा तू तिसरा विचारशील, म्हणून आधीच सांगते. पंपवाल्यांची.

झालं? आता रागानं पत्र फाडू नकोस, पुढं वाच.

ते येतात. रोज नाही. मशीनवर पटाशी कशी धरायची ते त्यांनी शिकवलं. नळीला पांढरा रंग द्यायचा, हेही त्यांनीच सांगितलं, आपला रेडिओ तर तीन महिने बंद आहे. बॅटरी तेच धरतात. खिळ्याला बॅटरी टांगली की माझीच सावली कांडीवर पडते, हे तुला कळायला हवं होतं. बाबा डावखुरे, मी उजवी.

पण एक ऐक. तू त्या दिवशी दारातून परत फिरलीस ना, तेव्हापासून ते बाबांच्या स्टुलावर बसलेले नाहीत. मी एकदा पुढं केलं, तर म्हणाले, "नको. पोरीनं बघितलंय." रंगाचा रिकामा डबा उपडा घालून त्यावर बसतात. एवढं मोठं धूड एवढ्याशा डब्यावर. उठले की मागं गोल ठसा. मी पोट धरून हसते, त्यांना कळत नाही का हसते. एका कानानं त्यांना कमी येतं. मी मुद्दाम त्या बाजूला बसून त्यांना नावं ठेवते आणि ते मान डोलावतात.

काकूंनी तुला कळवलं की ते हल्ली मला 'वहिनी' म्हणत नाहीत. काय तेज कान आहेत बाईचे! त्यातला एक त्यांना उसना द्यायला हवा. अगं, मशीनच्या आवाजात 'वहिनी, तुमचा हात जरा मागे घ्या' म्हणेपर्यंत बोट जाईल. म्हणून नुसतं 'हात!' ओरडतात. आता 'हात' म्हटलेलं काकूंना आवडत नसेल तर त्याला माझा इलाज नाही.

बदकाचं तू काहीच लिहिलं नाहीस. होही नाही आणि नकोही नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी पोस्टमनची वाट पाहिली. मग ओतलं.

तुझ्या रागाच्या विचारात थेंबांचा हिशेब दोनदा चुकला, म्हणून थेंब मोजायला त्यांना सांगितलं. ओतलं मात्र मी. कापड नळीला घट्ट बसवलं, बदक वर आलं, पिवळं धमक. रेझिन अगदी हळू सोडलं, पाकाची तार धरावी तसं. तरी एक बुडबुडा राहिलाच, नेमका बदकाच्या डोळ्याशी. सुईनं काढायला गेले तर तो आत सरकला. आता बदक रडतंय असं दिसतं. चप्पल रडताना तू पाहिली नसशील.

मला तू विचारलंस, 'तो माणूस घरात येतो का?' वर्कशॉपमध्ये येतो, हे मी सांगितलं. घराचं पुढच्या वेळी.

आई


२३ मार्च, रविवार

चिठ्ठी आली नाही. आठवडा गेला. काकूंना विचारलं तर त्याही म्हणाल्या, "मलाही फोन नाही हो." त्यांचं तोंड इतकं उतरलेलं की मीच त्यांना चहा दिला.

म्हणजे तू ठरवलंस की काय? टेम्पोसुद्धा नको झाला? मशीन ठेव, बाबा ठेव, आईही तिथंच ठेव, असं? तसं असेल तर तसं लिही. शिवी दिलीस तरी चालेल, तू नुसती गप्प राहिलीस की मला रात्रभर डोळा लागत नाही.

बदक कातलं. काल दुपारी. सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगू?

सकाळपासून अन्न गेलं नाही. म्हटलं, हे फुटलं तर संपलं. रुमालाच्या चिंध्या ट्रंकेत आणि बदकाचे तुकडे केरात. मग मी तुला काय तोंड दाखवणार? पंपवाले म्हणाले, "राहू दे. पोरगी येईल, तिला कांडीच दे. चौकोनी राहील, पण शाबूत राहील." मी म्हटलं, "चौकोनी कांडीनं सही करता येते का? ते पेन आहे, पेपरवेट नाही." ते स्विचवर हात ठेवून उभे राहिले. डब्यावर बसलेसुद्धा नाहीत.

कांडी सळईवर चढवून दोन्हीकडून आवळली. मशीन सुरू. पटाशी टेकवली तर टक टक टक टक, कोपरे उडायला लागले. माझ्या कपाळाचे टाके प्रत्येक ठोक्याला ठणकत होते. पांढरा भुगा केसांत, भुवयांवर, तोंडात. मग एकदम ठोके थांबले आणि सूं असा आवाज सुरू झाला. गोल झाली. आता भुगा नाही, लांब रिबिनी निघायला लागल्या, आणि हाताला लोण्यातून सुरी फिरवल्यासारखं लागलं. हे सुख बाबांनी तीस वर्षं एकट्यानं खाल्लं, बघ!

पण कातलेली कांडी दुधासारखी पांढरट होते. आतलं काही दिसत नाही. बदक कुठं आहे, वर किती जाडी उरली आहे, काही कळत नाही. दर थोड्या वेळानं मशीन बंद करायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, की क्षणभर आतलं दिसतं. पुसलं, चौकड्या दिसल्या. पुन्हा कातलं. पुसलं, बदक दिसलं. खूप आत होतं. पुन्हा कातलं. पुसलं. जवळ आलं. पेन अजून मुसळासारखं होतं, तुझ्या बोटांत मावलं नसतं. म्हटलं, आणखी एक हात फिरवू.

"पुरे," ते म्हणाले.

"एकच."

"पुरे म्हणतो ना."

मी त्यांच्या बहिऱ्या कानाच्या बाजूला होते, म्हणून मनात आलं ते बोलले आणि पटाशी टेकवली. अर्धी कांडी नीट गेली. आणि रिबिनीत एक लाल तूस दिसलं.

"थांब गं!" ते ओरडले. म्हणजे 'थांबा' ओरडले. मशीन बंद.

मला पुसायचा धीर होईना. फडकं हातात घेऊन नुसती उभी. त्यांनी पुसलं. कापडाचा काठ, जिथं मी नीट चिकटवला नव्हता, तो वर उचलला गेला होता. त्याचा एक धागा पटाशीनं उडवला होता. बदकाच्या पायाशी. अगदी पायाशी, ठमे. बदक शाबूत. पाय मात्र एकच उरला.

मी खाली बसले. कुठं बसले ते मागाहून कळलं, बाबांच्या स्टुलावर. तोवर मीही त्यावर कधी बसले नव्हते. आणि इतकी रडले, जितकी बाबा गेले तेव्हा लोकांच्या देखत रडता आलं नव्हतं. पंपवाले उभे. माझ्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून शेवटी त्यांनी माझ्या डोक्यातला भुगा झाडला.

मग उघड्या धाग्यावर गोंदाचा थेंब सोडला. सुकल्यावर वाटलं, आता त्या भागाला हात लावायचा नाही. म्हणून पेनाची दोन्ही टोकं बारीक आणि मधे पोट सुटलेलं, असं झालंय. अगदी पंपवाल्यांसारखं. मी त्यांना तसं म्हटलं, चांगल्या कानात. ते म्हणाले, "मग तिला आवडणार नाही."

आवडेल का गं?

मग पाण्यात पॉलिश पेपर बुडवून घासत बसले, जाड पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, बोटांची सालं निघेपर्यंत. दुधाची साय हळूहळू हटावी तसं आतलं वर आलं. लाल चौकड्या, पिवळं एकपायी बदक, डोळ्याशी पाणी. तुझ्या बाबांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, "चप्पल तुटली वाटतं."

लिही काहीतरी. एक ओळ लिही.

आई


२८ मार्च, शुक्रवार

ठमे,

तुझी ओळ आली. 'रविवारी सकाळी येते. टेम्पो सांगितलेला नाही. आधी मला खरं काय ते कळू दे.'

पत्र घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेले आणि दार लावून वाचलं, मग उघडून वाचलं. टेम्पो सांगितला नाहीस, याला मी काय समजू? आशा धरू की शेवटचं एकदा बघायला येतेस, असं समजू? तू नर्स आहेस, पेशंटला असं टांगून ठेवतेस का?

हे पत्र आणि पेन काकूंच्या हाती देतेय. त्या उद्या त्यांच्या भावाकडे येताहेत, तुझ्या दवाखान्याच्या पलीकडच्याच गल्लीत. पाकीट डिंकानं चिकटवलंय, तरी त्या वाटेत वाफेवर उघडतील. काकू, वाचत असाल तर चष्मा लावा, डोळे खराब होतील. तुला त्या तोंडानं काही सांगणार नाहीत. मी त्यांच्याकडून वचन घेतलंय, आणि पोटात एवढं मोठं ठेवून त्यांना काल रात्रीपासून अपचन झालंय. त्यांची दया कर आणि लवकर वाच.

पेन कापसात गुंडाळलंय. आधी ते बघ. हातात धरून बघ, मग पुढं वाच.

पोट सुटलेलं आहे, सांगितलंच होतं. पण बोट ठेवायला ती जागा बरी पडते, दिवसभर सह्या केल्यास तरी अंगठा दुखायचा नाही. टोक आणि टोपी बसवताना जीव पुन्हा टांगणीला लागला. शिकंज्यात दाबून बसवतात, जरा जास्त दाब पडला तर आत्तापर्यंतचं सगळं तडकून जाणार. ते काम मी कुणालाच करू दिलं नाही. श्वास रोखून दाबलं. कट् आवाज झाला, मी डोळे मिटले. उघडले तर टोक बसलेलं.

बाबांना हे सगळं चाललं असतं का, असं तू विचारशील. तुझ्यासाठी मी गोड बोलणार नाही. नसतं चाललं. ते स्टूलसुद्धा कुणाला देत नसत. बायकोला दारातच थोपवणारा माणूस पंपवाल्याला आत काय घेईल? पण ते चांगले होते, ठमे, आणि मी त्यांना रोज नावं ठेवते, अजून, त्यांच्या खिळ्याकडे बघून. ज्याला मी नावं ठेवत नाही, तो माझा नव्हे, हे तुला माहीत आहे. तुला तर पाळण्यात असल्यापासून ठेवतेय.

मशीन हवं असेल तर ने. खरंच सांगते. मी रुसणार नाही. रुसले तरी दाखवणार नाही. दाखवलं तरी तू बघू नकोस. पण नेलंस तर कातायला शीक, टॉवेल वाळत घालू नकोस.

मागं तू विचारलं होतंस, तो माणूस घरात येतो का, आणि मी पुढच्या वेळी सांगते म्हणाले. मग बदकाच्या पायाआड लपले. बघ, मी रुमालाचं कबूल केलं, टाक्यांचं केलं, रेडिओचं केलं, स्कूटरचं केलं. प्रत्येक वेळी एक छोटं कबूल करून मोठं मागं ढकलत आले. तुला वाटलं असेल, आई हळूहळू खरं सांगतेय. मी हळूहळू धीर गोळा करत होते.

हे तू इथं येऊन दारात उभी राहिल्यावर सांगितलं असतं, तर तू पुन्हा बॅग न ठेवता वळली असतीस, आणि मला पुन्हा ती तुझी पाठ बघवली नसती. म्हणून आधीच लिहितेय. रविवारी यायचं की नाही, ते पुढचं वाचून ठरव. आलीस तर चार कप काढून ठेवेन, चौथा काकूंना. नाही आलीस तरी पेन तुझंच. ते परत पाठवू नकोस.

पेनातली रिफिल नवी आहे, पण कोरी नाही. चालतं की नाही हे बघायला पहिली सही मी केली. शाळेत शिकवली होती तशी, एकेक अक्षर सुटं. माझ्या शेजारी त्यांनी केली आणि खाली साक्षीदार म्हणून काकूंनी. काल, नोंदणी कचेरीत. अर्ज तुझ्या टेम्पोच्या धमकीच्या आधीच दिलेला होता.

मी पंपवाल्यांशी लग्न केलंय.